जीएम३०० प्रोग्रॅम करताना: नवख्या हॅमसाठी (हौशी रेडिओवाल्यांसाठी)

मोटोरोलाचा जीएम३०० हा १९९० च्या दशकातला, गाडीत बसवायचा वायरलेस सेट जुन्या बाजारात आजही मिळतो, आणि २ मीटरवर (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या हौशी बँडवर) तो उत्तम चालतो. फक्त पुढच्या पॅनलवरून फ्रिक्वेन्सी बदलत नाही. ती आतल्या मेमरीत, म्हणजे कोडप्लगमध्ये, कॉम्प्युटरनेच भरावी लागते. विकत घेताना लेबलवरचा बँड पाहून घ्या. यूएचएफ (४०० मेगाहर्ट्झच्या वरचा) सेट १४५ मेगाहर्ट्झवर कधीच चालणार नाही.

खरी अडचण कॉम्प्युटरची असते. यासाठीचं मोटोरोलाचं आरएसएस सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं, म्हणजे विंडोजच्या आधीचं. ते सिरियल पोर्टच्या चिपशी थेट बोलतं आणि वेळ प्रोसेसरच्या गतीवरून मोजतं. वेगवान मशीनवर ही मोजणी चुकते, मग वाचताना एरर येते. लिहिताना चुकली तर कोडप्लगच बिघडतो. म्हणून ३८६ किंवा ४८६ प्रोसेसरचा जुना लॅपटॉप शोधा आणि निव्वळ डॉसमध्ये बूट करा. विंडोजमधली डॉसची खिडकी चालत नाही, यूएसबी-सिरियल केबलही नाही.

कॉम्प्युटर आणि सेटच्या मधे रिब, म्हणजे दोघांना जोडणारी छोटी डबी, हवा. सिरियल पोर्टवर अधिक-उणे व्होल्टेज असतं, सेटची डेटा लाइन ० ते ५ व्होल्टची आणि जाण्यायेण्याला एकच तार. ही जुळणी रिब करतो. त्याची केबल माइकच्या ८ पिनी सॉकेटमध्ये बसते. सॉकेट हुबेहूब लॅनसारखं दिसतं, पण लॅनची केबल त्यात खुपसू नका.

सेटला १३.८ व्होल्ट द्या. सर्वांत आधी सेट वाचा, फाइल सेव्ह करा, तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. ही पायरी गाळायचीच नाही. पॉवर आणि डेव्हिएशनचे (बोलताना फ्रिक्वेन्सी किती सरकते त्याचे) फॅक्टरीत जुळवलेले आकडेही सेटच्या मेमरीतच असतात आणि ते प्रत्येक सेटचे वेगळे. मित्राच्या सेटची फाइल आपल्यात ओतू नये, ती याचसाठी.

वाचताच येत नसेल तर आधी रिबचा वीजपुरवठा आणि सॉफ्टवेअरमधली कॉम १ / कॉम २ ची निवड तपासा. सेटला दोष द्यायची वेळ क्वचितच येते.

रिपीटरचं (सिग्नल पकडून पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या केंद्राचं) चॅनल भरताना रिसीव्ह १४५.७०० असेल तर ट्रान्समिट १४५.१००, म्हणजे ६०० किलोहर्ट्झ खाली. टोन (रिपीटर उघडणारा, ऐकू न येणारा सूर) लागत असेल तर तो ट्रान्समिटच्या रकान्यात भरा. रिसीव्हला टोन लावला आणि रिपीटर तो परत पाठवत नसेल, तर सेट मुका वाटतो. टाइम-आउट, म्हणजे सलग ट्रान्समिटची मर्यादा, ६० सेकंद पुरे. लिहिणं चालू असताना केबलला हात लावू नका.

पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाबण्याआधी अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड जोडा. परवाना हातात येईपर्यंत नुसतं ऐकायचं म्हटलं, तरी सेट जवळ ठेवायलाही परवानगी लागते. तो अर्ज आधी करा.