कोकणात घेतलेल्या जुन्या आवारातील रान कसे काढावे

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात जुने घर आवारासह विकत घेणाऱ्यांच्या ताब्यात बहुधा अशी जागा येते, जिथे कित्येक वर्षे कोयती लागलेली नसते. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात घर बंद झाले की पहिल्या दोन पावसाळ्यांत अंगण दिसेनासे होते आणि पुढे घाणेरी (टणटणी) व रानमोडी ही झुडपी तणे, करवंदाच्या जाळ्या व वेली मिळून असा गुंता करतात की विहीर कुठे होती हे शेजाऱ्यालाच विचारावे लागते. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो जेसीबी बोलावण्याचा. माझे स्पष्ट मत आहे की आवारात काय आहे हे कळेपर्यंत जेसीबी गडग्याच्या, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणाच्या, आत घेऊ नये. जांभ्याच्या कातळावरील मातीचा थर अनेक ठिकाणी वीतभरही नसतो. यंत्राच्या बकेटने तो एका दिवसात खरवडला जातो, आणि मोकळी पडलेली माती पुढच्या जूनमध्ये वाहून जाते. त्याबरोबर हद्दीचे दगड, जुने पाट, माडांची आळी आणि जमिनीखालचे सुरणाचे कंदही जातात. रान मात्र परत येते, कारण उकरलेल्या मातीत त्याचे बी शाबूत असते.

कामाला उत्तम काळ म्हणजे पाऊस थांबल्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा. तेव्हा माती ओलसर असल्यामुळे मुळे निघतात आणि रानमोडीचे बी अजून तयार झालेले नसते. हिवाळ्यात फुलून उन्हाळ्याच्या तोंडावर तिचे बी वाऱ्यावर उडू लागले, की केलेल्या कामाचा निम्मा उपयोग वाया जातो. डिसेंबरनंतर कातळावरची माती इतकी घट्ट होते की मूळ निघण्याऐवजी खोड तुटते.

कोयती लावण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर स्पष्ट करून घ्याव्यात. पहिली हद्द. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा, लगतच्या सर्व खातेदारांना नोटीस मिळेल याकडे लक्ष द्यावे आणि मोजणीदार येण्यापूर्वी फक्त अंदाजे हद्दीवरून माणूस चालू शकेल एवढा पट्टा साफ करावा. त्या वेळी गडग्याचा एकही दगड हलवू नये. सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकानाही नीट वाचावा, कारण सामाईक विहीर, वहिवाटीची वाट किंवा दुसऱ्याच्या मालकीची झाडे कोकणात सर्रास असतात. दुसरी गोष्ट झाडांची. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा अशी अनुसूचीतील झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा स्वतंत्र कायदा लागू होतो. झुडपे व गवत काढण्यास अडचण नसते, पण मनगटापेक्षा जाड खोडाचे झाड ओळख पटेपर्यंत उभे ठेवावे, हा नियम गड्यांना पहिल्याच सकाळी सांगावा.

त्यानंतर वाडीतील एखाद्या जाणत्या माणसाला, शक्यतो त्या घरी पूर्वी येणेजाणे असलेल्या आजींना किंवा काकांना, बरोबर घेऊन आवार फिरावे. विहीर, शौचाचा खड्डा, जुनी तुळस, गुरांचा गोठा, पाण्याचा पाट, एखाद्या झाडाखाली पूजला जाणारा दगड, जिथे वर्षातून एकदा नारळ दिला जातो ती जागा, हे सारे त्यांनाच ठाऊक असते. असा दगड अजाणता हलवला गेला तर नव्या मालकाचे वाडीशी असलेले नाते पहिल्याच महिन्यात बिघडते. फिरताना रंगीत कापडाच्या चिंध्या जवळ ठेवाव्यात आणि राखायच्या प्रत्येक झाडाला डोळ्यांच्या उंचीवर एक बांधावी. तिरफळ, कढीपत्ता, बेल, आवळा, अडुळसा, निर्गुडी, शतावरी यांपैकी काही ना काही जुन्या परसात हमखास सापडते. रातांब्याबाबत, म्हणजे कोकमाच्या झाडाबाबत, विशेष जपावे. कोकमाची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात, आणि फळ न धरणारी झाडे वांझ समजून सगळीच तोडली तर उरलेल्या झाडांच्या फळधारणेवर परिणाम होतो.

आता सुरक्षिततेविषयी. हा भाग मी मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण शहरातून आलेली माणसे चप्पल घालून या रानात शिरताना दिसतात. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, जाड पूर्ण विजार, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि कातडी हातमोजे याशिवाय कोणीही आत जाऊ नये, आणि हे गड्यांनाही पुरवावे. कोकणातील कातळावर आणि दगडांच्या ढिगात फुरसे हे विषारी सापाचे जनावर असते. ते आकाराने लहान आणि रंगाने पाचोळ्यासारखे असल्यामुळे चटकन दिसत नाही. डिवचले गेले की ते वेटोळे करून अंगावरचे खवले एकमेकांवर घासते आणि त्याचा करवतीसारखा आवाज येतो, पण पळून जाईलच असे नाही. म्हणून दगड, कौले, ओंडके हाताने कधीही उचलू नयेत. पहारीने किंवा लांब दांड्याने ते आपल्या बाजूला कलवावेत, म्हणजे खालचा प्राणी पलीकडे निघून जातो. याच दगडांखाली लाल विंचूही असतो. त्याच्या दंशाने हृदयावर परिणाम होऊन माणसे दगावत असत, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर अशा रुग्णांचे प्राण वाचू लागले. त्यामुळे विंचू चावला म्हणून घरगुती उपाय करत बसू नये. साप किंवा विंचू चावल्यास अवयव करकचून बांधणे, चिरा देणे, रक्त चोखणे यांपैकी काहीही न करता तो अवयव न हलवता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. सर्पदंशावरील प्रतिविष जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात उपलब्ध असते, हे काम सुरू करण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

गोचिडांचा धोका कमी लेखला जातो. दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत २०१६ पासून माकडतापाचे (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) रुग्ण आढळले आहेत आणि हा ताप गोचिडांमार्फत पसरतो. आवारात किंवा आसपास मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, उघड्या त्वचेला कीटकरोधक मलम लावावे आणि संध्याकाळी अंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाकावेत. कामानंतरच्या दोनतीन आठवड्यांत ताप आला तर आपण रानात काम केले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण स्क्रब टायफस आणि लेप्टोस्पायरोसिस या दोन्ही तापांचे निदान या एका माहितीने लवकर होऊ शकते.

साफसफाईची सुरुवात बेड्यापासून (आवाराच्या फाटकापासून) घराच्या दारापर्यंतच्या वाटेने करावी आणि ती दोन माणसे शेजारी शेजारी चालतील इतकी रुंद काढावी. मग घराभोवतीचा साधारण तीन मीटरचा पट्टा, मग विहिरीकडची वाट. त्यापुढे एका बाजूने कापत न कापलेल्या रानाच्या दिशेने सरकावे. चारही बाजूंनी कापत मध्यभागी येऊ नये. तसे केले तर साप, मुंगूस, ससे सगळे मधल्या तुकड्यात कोंडले जातात आणि शेवटच्या दिवशी माणसाच्या पायाशी येतात.

जुन्या विहिरीजवळ पोहोचताना घाई करू नये. कठडा ढासळलेला असतो आणि तोंडावर वेलींचे इतके दाट आच्छादन असते की पाय ठेवेपर्यंत खाली पोकळी आहे हे कळत नाही. पुढे पहार ठोकत जावे. चिऱ्यांची ओळ किंवा वर्तुळाकार काठ लागला की तिथेच थांबून बाहेरच्या बाजूने वेली कापाव्यात, तोंड पूर्ण उघडे करावे आणि त्याच दिवशी बांबूंचे कुंपण घालावे. वापरात नसलेल्या विहिरीत साफसफाईसाठी कोणालाही उतरवू नये. तळाशी साठलेल्या वायूने माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्याला वाचवायला उतरणाराही.

मोकळ्या गवतासाठी ग्रासकटर उपयोगी आहे. पात्याने उडालेला खडा डोळा फोडू शकतो, म्हणून चालवणाऱ्याने चष्मा लावावा आणि इतरांनी किमान १५ मीटर दूर राहावे. झाडांच्या बुंध्याशी यंत्र नेऊ नये, कारण पाते लागून साल गोलाकार सोलली गेली की वर्षानुवर्षे वाढलेले झाड काही महिन्यांत वाळते. तिथे विळा बरा.

घाणेरीला मात्र ग्रासकटर पुरत नाही. शोभेचे झुडूप म्हणून अमेरिका खंडातून आणलेली ही वनस्पती वरून कापली की पहिल्यापेक्षा दाट फुटते. फांद्या छाटून मुख्य खोड कमरेइतके ठेवावे, म्हणजे धरायला दांडा मिळतो. बुंध्याजवळची माती टिकावाने बाजूला केली की खोड आणि मूळ जिथे मिळतात तिथे फुगीर गड्डा दिसतो. सर्व नवे कोंब त्यातूनच फुटतात. त्या गड्ड्याच्या खाली, जमिनीच्या पातळीपासून तीन ते पाच सेंटिमीटर खोल, मुख्य मूळ कुदळीच्या एकाच जोरकस घावाने तोडावे आणि झुडूप उचलून मुळे आकाशाकडे करून उलटे ठेवावे. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी जंगलांतील घाणेरी हटवण्यासाठी हीच पद्धत रूढ केली. माती फारशी उकरली जात नाही, त्यामुळे जमिनीतील जुने बीही वर येत नाही. रानमोडीही अशीच बुंध्याखालून काढावी. तिची मुळे उथळ असल्याने ओल्या मातीत ती हाताने उपटून येते.

कोणतेही झुडूप घोट्याच्या उंचीवर तिरपे कापून सोडू नये. तो खुंट पाचोळ्याखाली भाल्यासारखा उभा राहतो आणि गमबुटातूनही पायात शिरतो. उक्ते, म्हणजे एकरकमी ठरवून, दिलेल्या कामात हेच जास्त घडते, कारण गड्यांना काम आटोपून जायचे असते. म्हणून मुळांसकट काढण्याचा पहिला टप्पा रोजंदारीवर, स्वतः उपस्थित राहून करून घ्यावा आणि साधे गवत कापणे पुढे खुशाल उक्ते द्यावे.

झाडांवर चढलेल्या वेली खाली ओढण्याचा मोह टाळावा, कारण वेलीबरोबर वाळलेली फांदी डोक्यावर येते. वेल जमिनीलगत आणि छातीच्या उंचीवर अशी दोन ठिकाणी कापून मधला तुकडा काढून टाकावा. वरचा भाग महिन्याभरात सुकून आपोआप गळू लागतो. वेलीवर खाजकुइलीच्या मखमली शेंगा दिसल्या तर वारा पडलेल्या सकाळी त्यांवर पाणी मारून, अंग पूर्ण झाकून त्या कापाव्यात आणि गोणीत भरून पुराव्यात. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, त्यामुळे ते झाड ओळखणाऱ्यालाच हात लावू द्यावा. आंब्यावर बांडगूळ असेल तर ते नुसते खुडून उपयोग होत नाही. ज्या फांदीवर ते रुजले आहे ती फांदी त्याच्या खालून कापावी लागते.

काढलेल्या रानाला काडी लावणे सोपे वाटते, पण कोकणातील आंबा-काजूच्या बागा दर उन्हाळ्यात वणव्याने जळतात ते अशाच एखाद्या ठिणगीमुळे. शिवाय खाजकुइली आणि बिब्बा यांचा धूरही घातक असतो. बी न धरलेला पाला आणि पातेरा माडांच्या व कलमांच्या आळ्यात आच्छादन म्हणून घालावा, जाड लाकडे घरापासून दूर, जमिनीपासून उचलून रचावीत आणि बी धरलेल्या फांद्या एका खड्ड्यात कुजू द्याव्यात. घाणेरीचा पाला गुरांना विषारी असतो, म्हणून त्याचे ढीग वाटेकडेला टाकू नयेत. तणनाशकाची मला गरज वाटत नाही, आणि विहिरीच्या आसपास तर ते मुळीच मारू नये. ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढली आहे, हेही दुकानदाराचे ऐकण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

खरी कसोटी पुढच्या जूनमध्ये लागते. पहिल्या सरींनंतर पंधरवड्यात घाणेरी आणि रानमोडीची असंख्य रोपे वर येतात. ती बोटभर उंचीची असताना दोन बोटांनी उपटली जातात, तीच ऑगस्टमध्ये कुदळीशिवाय निघत नाहीत. त्यामुळे मालकाने रजा घ्यायची असेल तर ती गणपतीइतकीच जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही घ्यावी. उतारावरील मोकळी जमीन उघडी ठेवू नये. तिथे ताग किंवा चवळी दाट पेरावी आणि आपोआप उगवलेला टाकळा राहू द्यावा, कारण तो माती धरून ठेवतो आणि कोवळा असताना त्याची भाजीही होते. दुसऱ्या वर्षापासून जूनअखेर एक आणि पाऊस सरल्यावर एक अशा दोन बेणण्या (तण काढण्याच्या फेऱ्या) पुरतात. मात्र पक्षी जिथे बसतात त्या झाडांखाली आणि गडग्याच्या कडेने मधूनमधून पाहत राहावे, कारण घाणेरीचे नवे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून प्रथम तिथेच पडते.