जुनी फोर-बाय-फोर आणि खारी हवा: या चुका टाळा

गाडी दारात आली की पहिल्याच आठवड्यात लोक रंग कोणता द्यायचा ते ठरवायला बसतात. अहो, रंगाला अजून वर्ष आहे! समुद्राजवळ वापरायच्या जुन्या गाडीला सगळ्यात आधी लागतं ते गोडं पाणी, आणि तेही भरपूर.

मीठ न धुता घासायला घेणं ही मला सगळ्यात जास्त छळणारी चूक. ग्राइंडर फिरवला, पत्रा चकचकीत झाला, लगेच प्रायमर मारला. पण गंजाने पत्र्याला जे बारीक खळगे पाडलेले असतात त्यांच्या तळाशी मीठ तसंच राहतं. वायर ब्रश तिथे पोचत नाही, उलट ते आणखी आत दाबतो. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं, आणि किनाऱ्यावर तेवढी आर्द्रता नेहमीचीच. पाऊस नसला तरी रंगाखाली पत्रा ओलाच राहतो. काही महिन्यांत फोड येतात आणि दोष रंगाच्या डब्याला दिला जातो.

माझी सवय अशी: आधी चिखल आणि ग्रीस काढायचं, मग धुवायचं, वाळवायचं, घासायचं आणि परत धुवायचं. त्यानंतर पत्रा एक रात्र उघडा ठेवतो. सकाळी खळग्यांत काळपट ठिपके उठलेले दिसले तर आत मीठ आहे, पुन्हा पहिल्यापासून. ठिपके उठायचे थांबले की हलकं घासून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा घट्ट पहिला थर). कंटाळवाणं काम आहे, मान्य. ज्याला एवढा धीर नाही त्याने ही गाडी घेऊ नये, असं मी तोंडावर सांगतो.

दुसरी चूक खालून जाड काळं रबरी कोटिंग मारून निश्चिंत होण्याची. एक तरुण मुलगा गाडी घेऊन आला होता. दोन वर्षांपूर्वीच सगळं काम करून घेतलेलं. "काका, खालून काही करायचं नाहीये, फक्त ब्रेक बघा," म्हणाला. खालून गाडी खरंच छान दिसत होती. मी मागच्या पाट्याच्या (पट्टी-स्प्रिंगच्या) हँगरजवळ चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, जॅक लावला. जॅक वर गेला, गाडी जागेवरच! कोटिंग कातड्यासारखं ताणलं गेलं होतं आणि त्याच्या मागे लोखंडच उरलं नव्हतं. सुरीने चीर दिली तर तांबूस पाणी आलं, मग गंजाचे पापुद्रे बदाबदा पडले. चॅसिसची पेटी आतून पोकळ असते, तिला पाणी वाहून जायला तळाशी भोकं असतात. कोटिंगवाल्याने तीच बुजवली होती. दोन्ही बाजूंना हातभर तुकडा कापून नवा वेल्ड करावा लागला. तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. त्याचं तोंड बघून मलाच वाईट वाटलं, कारण पैसे त्याने खर्च केले होते, आणि फसवणूक केली ती वरून झाकणाऱ्या त्या थराने.

म्हणून छोटी हातोडी घ्या आणि अख्खी चॅसिस ठोकून बघा. खणखणीत आवाज हवा. भद्द आला तिथे खरवडा. तळाची भोकं तारेने मोकळी करा, आतून धुवा, पूर्ण वाळू द्या. मग लांब नळीने आत पातळ वॅक्स सोडा, भोकांतून थेंब पडेपर्यंत. मी हे दर वर्षी करतो. बाहेरूनही मला पारदर्शक वॅक्सच आवडतं, गंज सुरू झाला की दिसतो तरी.

गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाचं टणक थरात रूपांतर करणारं रसायन) फासून मोकळं होणं म्हणजे शुद्ध आळस. सुटे पापुद्रे असतील तिथे तो खालपर्यंत पोचतच नाही.

1948 पासूनच्या जुन्या लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमची आणि चॅसिस लोखंडी. दोन्ही जिथे टेकतात तिथे खारं पाणी गेलं की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. मध्ये रंग आणि रबर दोन्ही हवेत. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस बोल्टही कोरडा, म्हणजे ग्रीस न लावता, घालू नका.

गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) चॅसिसवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी जस्त घासून काढा. त्याच्या धुराने माणसाला ताप भरतो.

ब्रेकचे पाइप लोखंडी नकोत, तांबं-निकेलचे घाला. ब्रेक ऑइल पाणी ओढतं, 2 वर्षांनी बदलाच.

आणि कृपा करून फोटोसाठी लाटांत गाडी घालू नका. तापलेला हब (चाकाचा मधला भाग) थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. घातलीच असेल तर डिफरेंशियलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं) तेल काढून बघा. दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला, आणि ब्रीदरची (त्या डब्यातली हवा आत-बाहेर करणारी) नळी वर बोनेटपर्यंत नेऊन बांधा.