‘नो रश’ म्हणजे आजच

कॅनडात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहितेय. जीआयसी (बँकेतली ठेव), शिक्षणाचं परमिट, बेसमेंटचं भाडं यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, ते सोडते. मला जिथे ठेच लागली, म्हणजे इथल्या माणसांचं मऊ बोलणं समजण्यात, तेवढंच सांगते, कारण ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यापायी माझी पहिली नोकरी गेली.

2019च्या जानेवारीत मी सांगलीहून ऑन्टारियो प्रांतातल्या हॅमिल्टनला आले. कोर्स संपल्यावर एका गोदामाच्या ऑफिसात सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, दर आठवड्याला स्टॉकचा रिपोर्ट करायचा. पहिला रिपोर्ट पाठवला तर मॅनेजर बाई स्वतः टेबलापाशी आल्या, हसल्या, म्हणाल्या, ग्रेट स्टार्ट, जमेल तेव्हा परत आलेल्या मालाचे आकडे एकदा बघशील का, नो रश. मी इतकी खूश की रात्री आईला फोन करून सांगितलं, बाईंना काम आवडलं. आकडे बघितले दोन आठवड्यांनी, तेही वरवर, कारण नो रश म्हणाल्या होत्या ना. मग एकदा त्या म्हणाल्या, मला वाटतं हा कॉलम थोडा वेगळा करता येईल का, आणि एकदा नुसतं ‘इंटरेस्टिंग’. आवाज एकदाही चढला नाही. कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढे वाढवलं नाही. कारण विचारलं तर त्याच शांत आवाजात उत्तर आलं, की आकड्यांबद्दल तीनदा सांगून झालं होतं. बसमध्ये घरापर्यंत रडले मी.

हे परत परत सांगते कारण एकदा वाचून ते डोक्यात बसत नाही. आपल्याकडे साहेब नाराज झाला की सगळ्या ऑफिसला कळतं. इथे नाराजी आधी कौतुकात गुंडाळतात आणि मग प्रश्न म्हणून समोर ठेवतात. ‘बघशील का’ म्हणजे बघ. ‘जमेल तेव्हा’ म्हणजे उद्यापर्यंत, आणि शक्य असेल तर आजच. ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे बहुतेक वेळा पटलेलं नाही. ‘नॉट बॅड’ मात्र खरोखर चांगलं. ‘कधीतरी कॉफीला भेटू’ याला तारीख जोडलेली नसेल तर ते आमंत्रण नाही, मी दोन महिने एका कॉफीची वाट बघत बसले होते. वाक्यात कौतुक असेल तर त्याच्या पुढचा ‘पण’ ऐका, ‘पण’ नसेल तर प्रश्न ऐका, सूचना तिथेच असते. आणि शंका आली तर सरळ विचारा, यात सगळ्यात आधी काय बदलू आणि कधीपर्यंत. याला कुणी वाईट मानत नाही, उलट समोरच्याचं अवघडलेपण जातं. हो, आणि सर-मॅडम सोडा, नावाने बोला, पहिला आठवडा जीभ अडखळेल, मग सवय होते.

‘सॉरी’चंही तसंच. तुम्ही इथल्या कुणाच्या पायावर पाय दिलात तरी सॉरी तेच म्हणतील. ती चुकीची कबुली नसते, मी बघतोय तुझ्याकडे इतकाच अर्थ. ऑन्टारियोत 2009 पासून कायदाच आहे की दिवाणी दाव्यात माफी मागितली म्हणून दोष कबूल केला असं धरता येत नाही. तेव्हा तुम्हीही मोकळेपणाने म्हणा, मान खाली जात नाही.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत, घाबरू नका. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू, मागून येणाऱ्यासाठी दार धरणं, घरात शिरताना चपला-बूट काढणं, जे आपल्याला शिकवावंच लागत नाही. ऑन्टारियोत दूध पिशवीत मिळतं, याचं इतरांना कोण आश्चर्य, आपण तर त्यातच वाढलो. पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, 2013 मध्ये बंद झाली, त्यामुळे रोख देताना रक्कम पाच सेंटला गोल करतात, कुणी फसवत नाहीये.

इथल्या लोकांच्या देशाभिमानाचं मात्र नीट ऐका, कारण इथेही आवाज खालचाच असतो. एकदा जेवताना मी बोलून गेले, अमेरिकेसारखंच तर आहे सगळं इथे. टेबल गप्प झालं. त्यांना ते लागतं, आणि का लागतं ते 2025 मध्ये उघड दिसलं, अमेरिकेने टॅरिफ, म्हणजे आयात कर लावले आणि एरवी शांत माणसं ‘एल्बोज अप’ (कोपर वर, लढायला तयार) म्हणत दुकानात डब्यांची लेबलं उलटसुलट करून वाचायला लागली. ‘प्रॉडक्ट ऑफ कॅनडा’ म्हणजे जवळजवळ सगळंच इथलं, ‘मेड इन कॅनडा’ला निदान 51 टक्के खर्च इथला लागतो, हा फरक मला शेजारच्या आजोबांनी नो फ्रिल्स या किराणा दुकानाच्या रांगेत समजावला. टिम हॉर्टन्स या कॉफीच्या साखळीचं पहिलं दुकान 1964 मध्ये आमच्या हॅमिल्टनमध्येच निघालं, एका हॉकीपटूच्या नावाने, म्हणून दोन क्रीम-दोन साखरेच्या डबल-डबल कॉफीला नावं ठेवू नका, चव नाही आवडली तर चहा घ्या. नोव्हेंबरात युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीत कोटावर लाल पॉपीचं फूल लावतात, डाव्या बाजूला, 11 तारखेला अकरा वाजता शांतता, तेव्हा मोबाईल खिशात. 30 सप्टेंबरचा नारिंगी शर्ट फॅशन नाही, घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलेल्या, तिथे हाल झालेल्या आदिवासी मुलांची ती आठवण आहे. मला हा दिवस कॅनडाच्या झेंड्याच्या दिवसापेक्षा मोठा वाटतो, आपल्या देशाची चूक दरवर्षी अंगावर घालून फिरायला धैर्य लागतं.

आणि कृपा करून ‘कॅनेडियन ॲक्सेंट’ शिकवणाऱ्या क्लासवर पैसे घालवू नका. मी घालवले, काही कामाला आले नाहीत. दहा वर्षं इथे राहून एकाही सहकाऱ्यासोबत डबा न खाल्लेल्या सीनियरचा सल्लाही नको, मनाने चांगले असले तरी. मला खरं शिकवलं ते दुसऱ्या नोकरीतल्या एका रिसेप्शनिस्ट काकूंनी. माझ्या ईमेलमधली वाक्यं त्या वाचून दाखवायच्या आणि सांगायच्या, हे इथे हुकूम वाटतं, याचा प्रश्न कर. कारण चूक दोन्हीकडून होते, आपण त्यांचा हुकूम प्रश्न समजतो आणि आपला प्रश्न त्यांना हुकूम वाटतो.

त्याच काकू मला सप्टेंबरात टेरी फॉक्स रनला घेऊन गेल्या, कॅन्सर संशोधनाला पैसे जमवायची ती दौड. कॅन्सरने एक पाय गेलेला टेरी फॉक्स हा मुलगा 1980 मध्ये कृत्रिम पायावर 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला, थंडर बेजवळ थांबावं लागलं, पुढच्या वर्षी गेला. पहिला आला कोण, हे रनमध्ये कुणी विचारत नाही. चाललात तरी चालतं, देणगीची सक्ती नाही. सप्टेंबरच्या इनटेकला, म्हणजे कॉलेजच्या नव्या बॅचला, येत असाल तर जा, थंडी सुरू व्हायच्या आत चार माणसं ओळखीची होतात.