एन-९५ लावून स्ट्रेचर ओढायचाय? मग हे वाचा

आमच्याकडे नवीन लागलेला एक ब्रदर परवा विचारत होता, सर मास्क लावून ओढाओढ केली की ऑक्सिजन कमी होतो ना? मी त्याच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला आणि म्हटलं ही ट्रॉली रॅम्पने दोन मजले वर ने. वर पोचला तेव्हा छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती, पल्स १३२ आणि ऑक्सिजन ९८.

तर धडधाकट माणसाचा ऑक्सिजन मास्कने सहसा घसरत नाही, पण दम लागतो तो खराच, नाटक नाही ते. फिल्टरमधून श्वास ओढायला जोर लागतो, सोडलेली गरम दमट हवा थोडी आतच राहते आणि तीच परत ओढली जाते, वर तोंड तापतं आणि जीव गुदमरल्यासारखा होतो. औषधं वाटताना हे जाणवत नाही, ८० किलोचा पेशंट उचलताना लगेच जाणवतं.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लँडिंगवर पोचलं की मामा लोक, म्हणजे आमचे वॉर्डबॉय, मास्क हनुवटीवर ओढतात आणि हाऽऽ करून मोठमोठे श्वास घेतात, म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त हवा आत जातेय नेमका तेव्हाच मास्क खाली! टीबी वॉर्डात तर हे अजिबात नको. थांबा, भिंतीला टेका, नाकाने सावकाश श्वास घ्या, मिनिटभरात उतरतं. नाहीच उतरलं, चक्कर आली तर काम दुसऱ्याला द्या, वॉर्डाबाहेर मोकळ्या जागी जा आणि मगच काढा.

उचलायच्या आधी नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबा, जोरात श्वास सोडा, कडेने हवा आली तर पट्टे नीट करा. दाढी असेल तर सील बसतच नाही, वाईट वाटू देऊ नका. व्हॉल्व्हवाला मास्क सोपा वाटतो, पण तुमचा श्वास न गाळता पेशंटकडे जातो, म्हणून वॉर्डात नकोच. माणसं मात्र एक जास्त घ्या, दोघांचं काम तिघांनी करा, आणि ओरडून बोलू नका, बोलण्यानेच निम्मा दम जातो, हाताने खुणा करा.

सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबतात त्याचं, वेगळं सांगतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबायचं आणि २ मिनिटांनी माणूस बदलायचा हे सगळ्यांना पाठ असतं, पण थकवा आला की दाब उथळ होतो आणि करणाऱ्याला ते कळतच नाही, त्याला वाटतं मी बरोबर करतोय. म्हणून आकडे दाबणाऱ्याने मोजू नयेत, शेजारच्याने मोजावेत, आणि खांदे डुलायला लागले की २ मिनिटांची वाट न बघता सरळ बदली करावी. इथे हिरोगिरी नको.

घामाने मास्क भिजला की बदलायचा, ओला मास्क श्वासाला अजून जड. स्टोअरवाले कुरकुर करतील, करू द्यात. दमा असेल किंवा दिवस गेले असतील तर इनचार्ज सिस्टरना आधीच सांगून ठेवा, उचलायची कामं दुसऱ्याला लावता येतात. आणि पाणी! बाथरूमला जायला लागू नये म्हणून आमच्या अर्ध्या सिस्टर ड्युटीभर पाणीच पीत नाहीत, मग दुपारी डोकं धरून बसतात आणि नाव मास्कचं.