बदललेल्या दाव्यांचा तक्ता: विज्ञान आणि मॉर्मन श्रद्धा शेजारी ठेवून कशी वाचावी

‘काल एक सांगत होते, आज दुसरंच सांगतात’ हा आक्षेप विज्ञानावर घेतला जातो तसा धर्मावरही. तोंडी वादात त्याचा निकाल लागत नाही, कारण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच उदाहरण असतं. म्हणून कागदावर मांडा. पुढची पद्धत साताऱ्यासारख्या गावातल्या दहा-पंधरा जणांच्या अभ्यासमंडळासाठी आहे. चार कार्डशीट, जाड मार्कर, मूळ मजकुराच्या झेरॉक्स आणि दोन तास एवढं पुरतं.

मॉर्मन हा अमेरिकेत उगम पावलेला, ख्रिस्ती परंपरेतून आलेला पंथ. तोच का? एक तर तो तरुण आहे. जोसेफ स्मिथ यांनी 6 एप्रिल 1830 रोजी न्यूयॉर्क राज्यात चर्च स्थापन केलं. त्यामुळे प्रत्येक बदलाची तारीख छापील सापडते, दंतकथा चाळत बसावं लागत नाही. दुसरं म्हणजे आपल्याकडे बैठकीला बसलेल्यांपैकी कुणाच्याच घरचा हा धर्म सहसा नसतो, त्यामुळे डोकी थंड राहतात. हाच तक्ता पहिल्याच दिवशी आपापल्या देव्हाऱ्याला लावलात तर दुसऱ्या रकान्यापर्यंतही पोचणार नाही. पंथाचं कुणी हजर असेलच, तर त्यांना वकील बनवू नका; इतरांसारखाच एक तक्ता भरायला द्या.

कार्डशीट आडवी धरून सहा रकाने आखा. पहिल्यात जुना दावा मूळ शब्दांत, सालासकट. दुसऱ्यात त्याची पातळी. तिसऱ्यात नवा दावा. चौथ्यात बदलाचं कारण: बदल करणाऱ्यांनी सांगितलेलं वर, बाहेरून दिसणारं खाली, मधे रेघ. पाचव्यात बदलायचा अधिकार कुणाचा. सहाव्यात जुन्या दाव्याचं पुढे काय झालं. सहावा रकाना सर्वांत रुंद ठेवा, खरा फरक तिथेच दिसतो.

पातळीच्या रकान्यात घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. विज्ञानात निरीक्षण, उपपत्ती आणि संकेत वेगळे. 2006 साली प्लूटो ग्रहांच्या यादीतून गेला तेव्हा आकाशात काहीच बदललं नव्हतं, ग्रहाची व्याख्या बदलली होती, तो संकेत. मॉर्मन बाजूला अधिकृत ग्रंथातला मजकूर, चर्चचं धोरण आणि एखाद्या नेत्याचं मत या तीन पातळ्या ठेवा. पंथाचा पवित्र ग्रंथ म्हणजे बुक ऑफ मॉर्मन. त्याच्या 1981च्या प्रस्तावनेत लेमनाइट लोक (ग्रंथातल्या कथेनुसार जेरुसलेमहून अमेरिकेत आलेल्यांचे वंशज) हे अमेरिकी आदिवासींचे ‘प्रमुख पूर्वज’ म्हटले होते. पुढे आदिवासींचं मूळ शोधणाऱ्या डीएनए संशोधनाची चर्चा वाढली आणि 2006च्या आवृत्तीत ते ‘पूर्वजांपैकी’ झाले. बदल मोठाच, पण तो प्रस्तावनेत आहे, मूळ ग्रंथात नाही. हे न लिहिता ‘ग्रंथच बदलला’ असं ठोकून दिलंत, तर माहितगार माणूस एका वाक्यात तुमचा तक्ता मोडीत काढेल.

विज्ञानाची पहिली ओळ कोयनेची घ्या, जिल्ह्यातली आहे. जुना दावा: दख्खनचं पठार स्थिर, इथे मोठ्या भूकंपाची भीती नाही. पातळी: उपपत्ती. 1962च्या सुमारास शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी साठू लागल्यावर धक्के जाणवू लागले आणि 11 डिसेंबर 1967च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. (मंडळात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्या पहाटेची आठवण निघणारच. दहा मिनिटं राखून ठेवा, अडवू नका.) नवा दावा: धरणातल्या पाण्यामुळे इथे भूकंपाला चालना मिळते. 1970च्या भूकंपप्रवण नकाशात कोयना परिसर चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, विभागात गेला. कारणाच्या रकान्यात वर आणि खाली जवळपास एकच मजकूर येतो, तो म्हणजे भूकंप. अधिकाराच्या रकान्यात कुणा एकाचं नाव घालता येत नाही.

ही ओळ इथे थांबवू नका. चालना नेमकी कशी मिळते, पाण्याच्या वजनानं की खडकाच्या भेगांत वाढणाऱ्या दाबानं, यावर काम चालूच आहे. त्यासाठी कराडच्या भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेनं गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधनछिद्र घेतलं, ते 2017 साली पुरं झालं. काळ्या बेसॉल्टखाली जुन्या गाळाच्या खडकांचा थर असावा असा काहींचा कयास होता. कोयना परिसरातल्या छिद्रांत बेसॉल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. कयास चुकला, तसं लिहिलं गेलं. सहाव्या रकान्यात ‘चूक म्हणून नोंद, जुना निबंध तारखेसह कायम’ एवढंच लिहा.

आता मॉर्मन बाजू. इथे 1978ची ओळ घ्या, सर्वांत जास्त शिकवते. 1852 साली तेव्हाचे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यांनी कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद, म्हणजे धार्मिक विधी करण्याचा अधिकार, नाही असं जाहीर केलं. 1978च्या जूनमध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांच्या काळात ती बंदी उठली. वरचं कारण: ईश्वरी प्रकटीकरण. रेघेखाली नागरी हक्कांची चळवळ आणि त्याच वर्षी पुऱ्या झालेल्या साओ पावलोच्या मंदिराचा प्रश्न येतो. बंदी मंदिरातल्या विधींनाही लागू होती आणि ब्राझीलमध्ये कुणाचा वंश कुठला हे ठरवणंच अवघड. अधिकार: अध्यक्ष व त्यांचे दोन सल्लागार आणि बारा प्रेषित, असे पंधरा जण एकमतानं ठरवतात. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला सर्वसाधारण परिषदेत सभासदांनी उजवा हात वर करून संमती दिली.

सहाव्या रकान्याशी मात्र अडखळायला होतं. 1978च्या जाहीरनाम्यात बंदी उठल्याचं आहे, बंदी चूक होती असं नाही. बंदीच्या समर्थनार्थ पूर्वी दिलेली स्पष्टीकरणं चर्चनं नाकारली ती 2013च्या एका लेखात. म्हणजे धोरण गेलं आधी, त्यामागची कारणमीमांसा गेली 35 वर्षांनी. शिवाय ‘पहिल्यापासून असंच होतं’ हेही टिकत नाही: एलायजा एबल या कृष्णवर्णीय सभासदाला स्मिथ यांच्याच काळात, 1836 साली, याजकपद मिळालं होतं. या ओळीसाठी दोन स्वतंत्र पट्ट्या करा, धोरणाची एक, स्पष्टीकरणाची एक. एकाच पट्टीत कोंबलं की घोटाळा होतो.

बहुपत्नीत्वाची ओळ त्यामानानं सोपी. बहुपत्नीत्वाविरुद्धच्या 1887च्या अमेरिकी कायद्यानं चर्चची मालमत्ता धोक्यात आली, 1890मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा उचलून धरला, त्याच वर्षी चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांचा ही प्रथा सोडण्याचा जाहीरनामा निघाला. सहाव्या रकान्यात लिहा: प्रथा बंद, पण तिला आधार देणारं 132वं प्रकरण आजही ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’ या दुसऱ्या अधिकृत ग्रंथात. 1890 हीच शेवटची तारीख धरू नका. नवी लग्नं त्यानंतरही लागत होती, म्हणून 1904 साली दुसरा जाहीरनामा काढावा लागला.

तक्ते जोडीजोडीनं, न बोलता, वीस मिनिटांत भरा. मग अदलाबदल करून दुसऱ्या जोडीकडून तपासून घ्या आणि चर्चा फक्त पाचव्या-सहाव्या रकान्यावर ठेवा. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात मुरलेल्या साताऱ्यात ‘बदललं, म्हणजे खोटंच होतं’ हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत येतं. ते तिथेच अडवा. मॉर्मन श्रद्धेचं नववं कलमच सांगतं की देव अजून पुष्कळ काही प्रकट करणार आहे. बदल तिथे मुळातच गृहीत आहे. विचारायचं ते हे: कोणता पुरावा आला तर दावा सोडू, हे आधी सांगून ठेवलं होतं का? आणि खातरजमा कुणाला करता येते? बुक ऑफ मॉर्मन वाचकाला प्रार्थना करून उत्तर मागायला सांगतं. ते उत्तर त्याच्यापुरतं खरं असेल, पण दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. विंधनछिद्रातला खडक देता येतो.

उलट बाजूनं विज्ञानाची आरतीही ओवाळू नका. खंड सरकतात हे जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरनी 1912 साली मांडलं, बहुतेकांनी मानलं 1960च्या दशकात. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा 1998चा निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं मागे घ्यायला 2010 उजाडलं. या दोन ओळी नसतील तर विज्ञानाचं सर्वोत्तम आणि धर्माचं सर्वांत वाईट समोरासमोर येतं आणि तक्ता एकतर्फी होतो.

झेरॉक्स काढताना चर्चचे लेख त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या, टीकाकारांनी दिलेल्या उताऱ्यांवरून नको. संकेतस्थळावरचा मजकूर जागच्या जागी बदलू शकतो, तेव्हा प्रत्येक प्रतीवर कोपऱ्यात छापल्याची तारीख आणि आवृत्तीचं साल घाला.