डिकन्स्ट्रक्टिव्हिस्ट फोयर करताय? या चुका टाळा

तिरक्या भिंती, फुटल्यासारखं छत, भलत्याच कोनात घुसलेले खांब. १९८८ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भरलेल्या प्रदर्शनामुळे ही डिकन्स्ट्रक्टिव्हिस्ट वास्तुशैली सर्वदूर पोचली. चित्रपटगृहाच्या, नाट्यगृहाच्या फोयरला, म्हणजे प्रवेशदालनाला, ती शोभतेही. फसते ती बहुधा एकाच ठिकाणी: डोळ्यांपुरता ठेवायचा गोंधळ पायांपर्यंत पोचतो.

जिन्याचंच घ्या. तो हवा तसा वळवा, पण पायऱ्यांची उंची पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी हवी. दोन-तीन पायऱ्यांत पाय माप पकडतो. मध्येच एखादी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच आली की माणूस ठेचकाळलाच. खेळ सुटल्यावरच्या गर्दीत तर विचारूच नका. अमेरिकेतल्या कोलंबसच्या वेक्सनर सेंटर या कलाकेंद्रात (१९८९) वास्तुरचनाकार पीटर आयझेनमन यांनी जिन्यावर चक्क जमिनीला न टेकणारा खांब लटकवलाय. बघणारा दचकतो, चालणारा अडखळत नाही.

आत झुकणाऱ्या भिंतीचा धोका वेगळा. दृष्टिहीन व्यक्तीची काठी जमिनीलगत फिरते. भिंतीचा पाया काठीला लागायच्या आत भिंत कपाळाला लागते. भिंत आधीच बांधून झाली असेल, तर जिथे डोक्यावर दोन मीटरपेक्षा कमी जागा उरते तिथे पायाशी बाक किंवा कठडा बसवा. नुसती सूचनेची पाटी लावून भागत नाही.

आवाज घुमतोय? दोष तिरकेपणाला देऊ नका. समांतर नसलेल्या भिंती उलट प्रतिध्वनी मोडतात. खरा चोर अंतर्वक्र पृष्ठभाग, तो आवाज एका जागी गोळा करतो. फिरत टाळ्या वाजवा, जागा सापडेल. मग त्या वक्र भागावर ध्वनिशोषक पॅनेल लावा. प्रकाशाचंही तेच. लॉस एंजेलिसच्या वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉलच्या चकचकीत पत्र्यावरून परावर्तित होणारं ऊन शेजाऱ्यांना इतकं जाचलं, की २००५ साली तो घासून मंद करावा लागला.

आणि सगळंच तिरकं केलंत तर काहीच तिरकं वाटत नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या यूएफए चित्रपटगृहात (१९९८) कोप हिमेलब्लाऊ या वास्तुरचना संस्थेने काचेचा कललेला फोयर मोकळा सोडला. पडद्याची आठ दालनं मात्र काँक्रीटच्या ठोकळ्यात बंद.

छताचे तुकडे टांगण्याआधी अग्निशमनवाल्यांना नकाशा दाखवा. स्प्रिंकलरच्या, म्हणजे आग लागल्यावर छतातून पाणी उडवणाऱ्या नळ्यांच्या, फवाऱ्याआड एखादा तुकडा आला, तर केलेलं छत उतरवावं लागेल.