बायफोकल चष्मा करून घेताना: जवळचा भाग कसा घडतो आणि कसा निवडावा

चाळिशीनंतर डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचिकता कमी होत जाते आणि बारीक अक्षर वाचण्यासाठी दूरच्या नंबरात भर घालावी लागते. ही भर सहसा +०.७५ ते +३.०० इतकी, पाव-पाव नंबराच्या टप्प्यांनी दिली जाते. नंबर नेत्रतज्ज्ञ काढून देतात. परंतु बायफोकलमध्ये, म्हणजे एकाच काचेत वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असलेल्या चष्म्यात, तो जवळचा भाग कोणत्या आकाराचा असावा आणि किती उंचीवर यावा, हे आपल्या कामावर अवलंबून असते. त्यामुळे पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर किंवा टिळक रस्त्यावर चष्म्याच्या दुकानात गेल्यावर आपण दिवसभर काय करतो, हे फ्रेम पाहण्याआधी सांगावे, असा माझा आग्रह आहे.

दुकानात मुख्यतः तीन प्रकार दाखवले जातात. क्रिप्टॉक, म्हणजे दुकानदारांच्या बोलण्यातला 'केटी', यात खाली सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा गोल भाग असतो. 'डी' बायफोकलमध्ये त्या भागाची वरची कड सरळ असते आणि रुंदी बहुधा २८ मिलिमीटर असते. एक्झिक्युटिव्हमध्ये दूरचा आणि जवळचा नंबर काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या एकाच आडव्या रेषेने विभागलेले असतात. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ मधील पत्रात वर्णन केलेला चष्माही असाच होता. त्यांनी दोन वेगळ्या चष्म्यांच्या काचा अर्ध्या कापून एकाच चौकटीत वर-खाली बसवून घेतल्या होत्या.

या प्रकारांतील खरा फरक नजर रेषा ओलांडते त्या क्षणी जाणवतो, कारण तेव्हा समोरची वस्तू किंचित उडी मारल्यासारखी सरकते. ही उडी किती मोठी, हे काढणे सोपे आहे: जवळच्या भागाची वरची कड त्या भागाच्या प्रकाशीय केंद्रापासून (जिथून किरण न वळता सरळ जातो तो बिंदू) जितके सेंटिमीटर वर असेल, त्या अंतराला भरीने गुणावे. भर +२.०० असल्यास केटीमध्ये केंद्र कडेपासून १.१ सेंटिमीटर खाली असल्याने २.२ प्रिझमची (प्रिझम हे प्रतिमा सरकण्याचे एकक) उडी पडते. 'डी'मध्ये ते अंतर साधारण अर्धा सेंटिमीटर असल्याने ती १ प्रिझमवर येते. एक्झिक्युटिव्हमध्ये केंद्र रेषेवरच असल्याने उडी जवळजवळ नसते. म्हणूनच सर्वसाधारण वापराला मी 'डी' सुचवतो. मोठी खातेवही, नकाशा किंवा शिवणकाम समोर पसरून बसणाऱ्यांना एक्झिक्युटिव्हची रुंदी उपयोगी पडते. मात्र ती काच जाड व जड होते आणि तिच्या रेषेच्या खाचेत मळ साचतो.

काचेचा केटी बनवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. १.५२३ अपवर्तनांकाच्या (काच प्रकाश किती वाकवते त्याचे माप) क्राउन या नेहमीच्या चष्म्याच्या काचेत आधी एक उथळ, गोलाकार खळगा घासून गुळगुळीत केला जातो. मग अधिक अपवर्तनांकाच्या फ्लिंट काचेची चकती त्यात बसवून दोन्ही भट्टीत तापवून एकजीव केल्या जातात आणि शेवटी पुढचा पृष्ठभाग सलग एकाच वक्रतेने घासला जातो. वाढीव नंबर दोन काचांच्या अपवर्तनांकातील फरकातून मिळतो, म्हणून पुढून बोट फिरवले तरी कड लागत नाही. 'डी'साठी चकतीच दोन तुकड्यांची करतात: वरचा तुकडा मुख्य काचेच्याच जातीचा असल्याने वितळून जुळल्यावर दिसेनासा होतो आणि खालचा फ्लिंटचा भाग सरळ कडेसह उरतो. फ्लिंट काच प्रकाशाचे रंग अधिक फाकवते, त्यामुळे अक्षरांच्या कडांना कधी कधी रंगीत झाक दिसते.

आता बहुतेक चष्मे प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांची कृती वेगळी आहे. सीआर-३९ नावाची द्रव राळ काचेच्या दोन साच्यांमध्ये ओतून ओव्हनमध्ये कित्येक तास सावकाश कडक केली जाते. जवळच्या भागाची जादा वक्रता साच्यातच कोरलेली असते, त्यामुळे या काचेवर नख फिरवले की कड स्पष्ट लागते. तो दोष नव्हे. अशा काचेचा पुढचा पृष्ठभाग कारखान्यातूनच पूर्ण होऊन येतो आणि आपला दूरचा नंबर व सिलिंडर (तिरकस दृष्टिदोषाचा, म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा नंबर) प्रयोगशाळेत मागच्या बाजूने घासून, पॉलिश करून दिला जातो.

माप देताना निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवून घ्यावी, मान नेहमीसारखी ठेवावी आणि माप घेणाऱ्याला आपल्या डोळ्यांच्या पातळीवर बसायला सांगावे. रेषा सर्वसाधारणपणे खालच्या पापणीच्या कडेशी यावी. रोज पर्वती टेकडीच्या पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्याने ती एक-दोन मिलिमीटर खाली ठेवायला सांगावी, कारण उतरताना जवळच्या भागातून पाहिले की पायरी धूसर दिसते आणि पाय चुकतो. वाचताना डोळे नाकाकडे वळतात, म्हणून हा भाग प्रत्येक काचेत सुमारे दोन ते अडीच मिलिमीटर आतल्या बाजूला सरकवलेला असावा लागतो.

चष्मा हाती आल्यावर आरशात दोन्ही रेषा समान उंचीवर आहेत का, ते पाहावे. मग वर्तमानपत्र नेहमीच्या अंतरावर धरून आधी एक, नंतर दुसरा डोळा झाकावा. दोन्ही वेळा तोच स्तंभ स्पष्ट दिसत नसेल, तर चष्मा तिथेच परत देऊन माप पुन्हा घ्यायला लावावे.